न नासणारं क्रीम

क्रीम नासलं म्हणून भांडायला येणारी माणसं तिला नवीन नव्हती. क्रीम नासत नाही म्हणून तक्रार घेऊन आलेला माणूस मात्र तिने त्या दुपारी पहिल्यांदाच पाहिला.

बाहेर पाऊस नुसता भुरभुरत होता. तो तिच्या विक्रीच्या खिडकीवरच्या पत्र्याखाली अंग चोरून उभा होता. केसांवर बारीक थेंब, हातात काचेची छोटी बरणी. ती त्याने खिडकीच्या फळीवर ठेवली आणि हळूच तिच्याकडे सरकवली. सरकवताना तिला त्याचा हात दिसला. बोटांच्या पेरांवर भेगा, नखांच्या कडेला वाळलेली खळ... अशा हाताला काय लावावं हे तिच्या मनात आधी आलं, आणि माणूस दिसायला बरा आहे हे नंतर. निदान पुढे ती असंच सांगायची.

"ही तुमच्याकडची. गेल्या वर्षी नेली होती," तो म्हणाला.

"गेल्या वर्षी? आणि क्रीम अजून उरलंय? आठ-दहा दिवसांत संपवायचं असतं, नाहीतर टाकून द्यायचं. झाकणावर लिहिलेलं असतं."

"वाचलंय. म्हणूनच आलो."

तिने नाक आवळून झाकण उघडलं. आतून ताज्या गुलाबपाण्याचा वास आला. झाकणावरच्या चिकटपट्टीवर वहिनीच्या वाकड्यातिकड्या अक्षरात गेल्या वर्षीची तारीख होती, आणि आतलं क्रीम मात्र आज सकाळी फेटल्यासारखं पांढरंशुभ्र. तिने बोटावर घेऊन पाहिलं, मग मनगटावर चोळून पाहिलं. तिच्याच हातचं होतं, यात शंका नव्हती.

घरात तिला सगळे कोरफड म्हणायचे. नाव वहिनीने ठेवलेलं. वरून काटे, आतून थंडगार गर, आणि चाखायला गेलात तर दिवसभर तोंड कडू, असं वहिनी पाहुण्यांना समजावूनही सांगायची. कोरफड आधी एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती. क्रीम दोन-तीन वर्षं टिकावं म्हणून त्यात औषधं घालायची, हे तिचं काम. कारखान्यामागच्या नाल्यावर कायम फेस तरंगायचा आणि बरण्या भरणाऱ्या बायकांच्या हातांवर पुरळ असायचं. एक दिवस तिला ते बघवेना. तिने नोकरी सोडली आणि दादाच्या घरामागची धुण्याची खोली मागून घेतली. आता ती तिथे बदामाचं तेल आणि मेण वितळवायची, कोरफडीचा गर गाळायची, गुलाबपाणी थेंबाथेंबाने सोडत हाताने फेटत बसायची. भिंतीवरच्या फळ्यांवर साबणाच्या वड्या सुकत पडलेल्या असायच्या. रिकामी बरणी परत आणली की ती उकळून पुन्हा भरून मिळायची. प्लास्टिक नाही, आणि टिकवायचं औषध तर नाहीच नाही. अंगाला लावायची वस्तू उद्या मातीत गेली तर मातीने तिला ओळखलं पाहिजे, हे ती प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायची. गिऱ्हाइकं माना डोलवायची आणि पंधरा दिवसांनी बुरशी आलेली बरणी घेऊन भांडायला यायची.

तेव्हा वर्षभर न नासलेलं क्रीम बघून तिचं डोकंच फिरलं. यात तुम्ही काय कालवलंत, असं तिने त्याला सरळ विचारलं. तो गोंधळला. काहीच नाही म्हणाला. तो बुकबाइंडर होता. रस्ता जिथे संपतो तिथल्या शेवटच्या घरात आत्यासोबत राहायचा, दिवसभर पुस्तकं शिवायचा, कातडी तासायचा, खळ लावायचा. भेगांसाठी कुणीतरी हे क्रीम सांगितलं म्हणून घेऊन गेला. वर्षभर थोडं थोडं लावतोय, पण भेगा कमी होत नाहीत.

"वाढतात का?"

"नाही. वाढतही नाहीत. आहेत तशाच आहेत... क्रीमसारख्या."

हे तो हसून म्हणाला, पण हसताना त्याचे डोळे हसले नाहीत. कोरफडीने बरणी ठेवून घेतली आणि त्याला हात पुढे करायला सांगितलं. ताज्या क्रीमचं बोट घेऊन ती त्याच्या एकेका भेगेत चोळत राहिली. हे कामच आहे, असं ती स्वतःला बजावत होती. त्याचा हात थंड होता. पावसात भिजला असेल, असं तिला वाटलं.

"रोज यावं लागेल," ती म्हणाली. "इथे बसून लावायचं. तुम्ही घरी काय करता मला माहीत नाही."

"रोज?"

"बरं व्हायचं असेल तर."

"आणि बरं झाल्यावर?"

"मग कशाला यायचं?"

त्याने थोडा विचार केला. "मग बरं व्हायची घाई नको करू या."

कोरफडीने मान खाली घालून झाकण घट्ट लावलं. आतल्या दारात वहिनी उभी होती, आणि तिने ऐकलं होतं.

तो रोज येऊ लागला. हात चोळता चोळता गप्पा व्हायच्या. तो कमी बोलायचा, पण बोलला की तिला हसू यायचं. भेगा हळूहळू भरू लागल्या. पेरांवरची कातडी मऊ झाली आणि त्या हातात ऊबही येऊ लागली. तो आला की आधी हात थंड असायचा, आणि बसल्यावर थोड्या वेळाने गरम व्हायचा. हे रोज व्हायचं. तिच्या लक्षात आलं होतं, पण त्याचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं.

इकडे त्याची बरणी फळीवर होती. पहिले काही दिवस काही झालं नाही. मग कडेला पिवळट पाणी सुटलं. मग एक हिरवा ठिपका आला, त्याचे चार झाले आणि आंबूस वास सुटला. ताजं क्रीम जसं आठ-दहा दिवसांत नासतं तस्संच. कोरफडीचा जीव भांड्यात पडला. क्रीममध्ये कुणी काही कालवलेलं नव्हतं. ती बरणी रिकामी करायला मागच्या खतखड्ड्याकडे निघाली आणि अर्ध्या वाटेत थांबली. क्रीममध्ये खोट नव्हती, तर मग वर्षभर ते होतं तरी कुठे? भर दुपारच्या उन्हात तिच्या अंगावर काटा आला.

तिने त्याला नासलेली बरणी दाखवली तेव्हा त्याचा चेहरा पडला. तो म्हणाला, की त्याची खळही आंबत नाही. पिठाची खळ दोन दिवसांत आंबते, सगळ्या बाइंडरांची आंबते. त्याची नाही. इतके दिवस त्याला वाटायचं, आपल्या हाताला गुण आहे.

बरणी कुठे ठेवली होती ते मला बघायचंय, असं तिने सांगितलं. बरणीची जागा बघायची आहे की बाइंडरचं घर, असं वहिनीने विचारलं. कोरफडीने रिकाम्या बरण्या गोळा करायची टोपली तेवढी उचलली आणि निघाली.

घर बाहेरून साधंच होतं. चार पायऱ्या, हिरवं दार, वर एक खिडकी. उंबरा ओलांडून ती आत गेली आणि तिथेच थबकली. काय चुकतंय ते तिला आधी कळेना. तिचं सगळं काम नाकावर चालायचं. तेल जुनं झालं, मेण जळलं, गर उतरला, सगळं तिला नाक सांगायचं. त्या घरात नाक काहीच सांगत नव्हतं. तिथे ओल, धूळ, कातडं, खळ, स्वयंपाक कशाचाच वास नव्हता. वस्तू बदलत असते म्हणून तिला वास येतो, हे तिला कारखान्यात पहिल्याच वर्षी शिकवलं होतं.

दाराशी ओली छत्री टेकवलेली होती. आठवडाभर पाऊस नव्हता. ती छत्रीकडे बघतेय हे त्याला दिसलं.

"ती वाळत नाही," तो हळूच म्हणाला. "म्हणून मी घेऊन जात नाही."

टेबलावर बशीत सफरचंदाच्या फोडी होत्या, आत्ता कापल्यासारख्या पांढऱ्या. कधी कापल्या, असं तिने विचारलं. त्याने बशी बाजूला सरकवली, आणि तिने पुन्हा विचारलं नाही.

मग आत्या आली. आत्या म्हणजे पिकलेले केस, चष्मा, दुखरे गुडघे, असं काहीतरी कोरफडीने धरलं होतं. आली ती तिच्याहूनही लहान दिसणारी बाई. गालांवर एक डाग नाही, डोळ्यांखाली एक रेघ नाही. तिने मान खांद्यावरून वळवून पाहिलं. हा चेहरा कोरफडीच्या ओळखीचा होता. मेणाचे तुकडे ती एका जुन्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची. तो डबा पणजीचा, कुठल्याशा बंद पडलेल्या साबणाचा. डब्यावर अशीच मान वळवून बघणारी मुलगी होती, आणि ती मुलगी आता समोर उभी राहून विचारत होती, की क्रीमवाली ती तूच का.

"चित्रकाराने मला सांगितलं होतं, हलू नकोस," आत्या अगदी सहज म्हणाली. "मी तेव्हापासून हललेच नाही."

तिच्या पायाशी एक मांजर पसरलं होतं. करडं, पोट एवढं फुगलेलं की त्याला धड कुशीही बदलता येत नव्हती. गाभण आहे, आज-उद्या होईल तिला, असं आत्याने कौतुकाने सांगितलं.

शहाण्या मुलीने त्या घरात पुन्हा पाऊल ठेवलं नसतं. पण कोरफड तेव्हा शहाणी राहिली नव्हती. बाइंडर पुस्तक शिवत बसला की दोरा ओढताना खालचा ओठ चावायचा, आणि ते बघायला ती काहीतरी निमित्त काढून जायचीच. कधी साबण द्यायला, कधी तिच्या ग्राहकांनी दिलेली फाटकी पुस्तकं पोचवायला. दर वेळी छत्री ओली असायची आणि फोडी पांढऱ्या. दर वेळी आत्या मांजरीच्या पोटावरून हात फिरवत म्हणायची, आज-उद्या होईल. आणि दर वेळी बाहेर पडल्यावर कोरफडीला पहिला वास यायचा तो रस्त्याच्या धुळीचा. तो ती छाती भरून घ्यायची.

एका दुपारी तो तिला कातडं तासायला शिकवत होता. तिच्या मागे उभा राहून त्याने तिचा हात धरला होता, त्यामुळे सुरीकडे दोघांचंही लक्ष नव्हतं. सुरी सटकली आणि तिच्या बोटात खोल गेली. दुखलं नाही. रक्तही आलं नाही. बोटावर नुसती एक पांढरी फट, खळ लावायची राहून गेलेल्या जागेसारखी. ती त्या फटीकडे बघतच राहिली.

"बघ, इथे काही होत नाही," आत्या खिडकीशी बसल्या बसल्या म्हणाली.

कोरफड उठली आणि जवळजवळ पळतच बाहेर आली. शेवटच्या पायरीवरून रस्त्यावर पाय टेकला आणि कळ डोक्यापर्यंत गेली. रक्ताची धार लागली. तो मागोमाग धावत आला, खिशातला रुमाल काढून त्याने तिचं बोट करकचून बांधलं.

"तू किती वर्षांचा आहेस?" तिने विचारलं. अहो-जाहो कधी गळून पडलं, तिलाही कळलं नाही.

"माहीत नाही." तो रुमालाची गाठ परत परत घट्ट करत होता. "वडील गेले आणि मी आत्याकडे राहायला आलो. तेव्हा पंचविशी ओलांडली होती. तेव्हा शाळेतल्या एका मुलाला मी पुस्तक बांधून दिलं होतं. गेल्या महिन्यात तो आला होता... नातवाचं पुस्तक घेऊन. त्याने मला ओळखलं नाही. म्हणाला, तुमचे आजोबा पण हेच काम करायचे ना?"

रस्त्यावरून एक सायकल गेली.

"मी मोजणं सोडून दिलं होतं," तो म्हणाला. "तुझ्या खिडकीशी येऊन बसतो ना, तेव्हा मला कळतं आज कोणता वार आहे."

कोरफडीला रडू आलं, आणि बोट दुखतंय म्हणून रडतेय असं तिने त्याला दाखवलं. मग तू निघून का येत नाहीस, असं तिने विचारलं. तो म्हणाला, आत्याला सोडून कसा येऊ, तिला माझ्याशिवाय कोण आहे. आणि मग थोडं थांबून, तिची नजर चुकवत त्याने दुसरं कारण सांगितलं. रोज तासभर बाहेर येणं वेगळं. घर कायमचं सोडलं, तर इतकी सगळी वर्षं एकदम अंगावर येतील, अशी त्याला भीती वाटत होती.

वहिनीने त्या रात्रीच्या जेवणाला तिला काही विचारलं नाही, नुसती भाजी जास्त वाढली. कोरफड मनाशी एकच गोष्ट घोळवत होती. हा माणूस तिला हवा होता. घटकाभर खिडकीशी येणारा नको, उन्हापावसात सोबत असणारा हवा होता. आणि तो त्या घरात राहिला तर तिचे केस पिकतील, पाठ वाकेल, आणि हा तस्साच तरणाताठा पायऱ्यांवर उभा असेल.

ती शेवटचं बोलायला म्हणून गेली, तर आत्याने तिच्या मनातलं आधीच ओळखलं होतं. आत्याने तिला आरशासमोर बसवलं, मागे उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांखालून एक बोट फिरवलं. बोटाला ना ऊब होती ना थंडी.

"ही रेघ आत्ता कुठे आलीय," आत्या म्हणाली. "इथे राहायला आलीस तर ती इथेच थांबेल. पुढे येणार नाही. तुझी गिऱ्हाइकं तुझ्याकडे काय मागायला येतात? हेच ना? आणि हा पण असाच राहील, तुझ्यासाठी. दोघं इथेच राहा."

खोटं कशाला सांगा, कोरफड क्षणभर मोहात पडली. आरशात ती बरी दिसत होती, फार बरी. मागे दारात तो उभा होता, तिच्याकडेच बघत. एवढंच आणि असंच, कायमचं. काय वाईट आहे त्यात, असं तिच्या मनात येऊन गेलं. मग आरशातच तिला मांजर दिसलं. ते तिच्याकडे एकटक बघत होतं आणि त्याच्या पोटात काहीतरी हललं.

"हिला पिल्लं कधी होणार?" तिने विचारलं.

"आज-उद्या," आत्या म्हणाली.

कोरफड उठली. मी इथे पुन्हा येणार नाही, असं तिने आत्याला सांगितलं. दारात त्याच्यापाशी थांबून, त्याच्याकडे न बघता, तुला माझी खिडकी माहीत आहे, एवढंच म्हणाली. टोपलीवरचं फडकं सारखं करून टोपली काखेत मारली आणि निघाली. टोपली जड लागत होती, पण तिचं मनच इतकं जड झालं होतं की तिला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

घरी येऊन टोपली खाली ठेवली तर फडकं हललं. रिकाम्या बरण्यांवर करडं मांजर वेटोळं करून बसलं होतं. ते बाहेर आलं, खोलीभर हुंगत फिरलं, साबणाच्या फळ्यांखाली पसरलेल्या जुन्या चादरीवर जाऊन आडवं झालं आणि कण्हू लागलं. वहिनीने आधी कपाळाला हात लावला, मग पदर खोचला आणि कोमट पाणी आणलं. दिवेलागणीपर्यंत तीन पिल्लं झाली होती. ओली, आंधळी, चिरक्या आवाजात ओरडणारी. खोलीत रक्ताचा, दुधाचा आणि मांजराचा वास भरला. इतका घाण वास इतका गोड कधीच लागला नव्हता, असं कोरफडीला वाटलं. ती पिल्लांशेजारी मांडी घालून बसली आणि हमसून हमसून रडली.

सकाळ होताच ती त्या घराशी गेली. पायऱ्या चढली नाही. खाली रस्त्यावर उभी राहून तिने त्याला हाक मारली. हिरवं दार उघडलं. तो उंबऱ्याच्या आत उभा राहिला. त्याच्या खांद्यामागे आत्याचा चेहरा होता.

"पिल्लं झाली," ती म्हणाली. "बाहेर आल्या आल्या."

त्याने दाराची चौकट घट्ट धरली. "तिचं ठीक आहे. माझं काय होईल कुणाला ठाऊक? सगळं एकदम आलं तर?"

"नाही येणार."

"तुला काय माहीत?"

"मला नाही माहीत तर कुणाला माहीत?" कोरफडीचा आवाज चढला. "तुझी बरणी माझ्याकडे आली तेव्हा वर्षाची होती. आल्याबरोबर सडली का? नाही सडली. तिचे आठ-दहा दिवस उरले होते, ते सगळे ती माझ्या फळीवर नीट जगली. एकही कमी नाही. मग नासली."

"नासली ना शेवटी."

"हो, नासली. मी पण नासणार आहे. चांगली सुरकुतून, दात पडून. तू पण." तिला धाप लागली होती. "तुझी मागची वर्षं मला नकोत. पुढचे जेवढे दिवस उरलेत तेवढे मला दे. माझे तू घे. माझ्याकडे याहून टिकाऊ काही नाही."

त्याचे डोळे भरून आले होते, आणि त्या घरात ते पाणी गालावर ओघळत नव्हतं, नुसतं डोळ्यांत उभं होतं. त्याने वळून आत्याकडे पाहिलं.

आत्या उंबऱ्याजवळ आली. "किती झाली?" तिने कोरफडीला विचारलं.

"तीन."

"रंग?"

"दोन करडी. एक पांढरं, शेपटीला तेवढं काळं."

"शेपटीला काळं," आत्या पुटपुटली. तिने साडी किंचित उचलली आणि एक पाऊल उंबऱ्यावर ठेवलं. या ना, बघायला या, असं कोरफड अगदी मनापासून म्हणाली. आत्याचा हात आपोआप स्वतःच्या गालावर गेला. तो तिथेच राहिला. मग तिने पाऊल मागे घेतलं.

"माझ्याकडे हे एवढंच आहे गं," आत्या म्हणाली. तिने पुतण्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याला हळूच पुढे ढकललं. "तू जा. मला रस्त्यावरून सांगत जा, ती केवढी झाली ते. आणि आत येऊ नकोस. पुन्हा आत आलास तर मी तुला जाऊ देईन, याची मला खात्री नाही."

तो पायऱ्या उतरला. शेवटच्या पायरीवर थांबला, डोळे मिटले आणि रस्त्यावर पाय ठेवला. दोघंही वाट बघत राहिले. काही झालं नाही. फक्त डोळ्यांत उभं राहिलेलं पाणी गालांवरून घळाघळा ओघळलं, आणि तिच्या हातात आलेला त्याचा हात हळूहळू गरम झाला. मागे दार लागल्याचा आवाजही झाला नाही. त्यांनी वळून पाहिलं तेव्हा ते बंद होतं, आणि वरच्या खिडकीत मान खांद्यावरून वळवून आत्या उभी होती.

वहिनीने दोघांना असं हातात हात घालून येताना पाहिलं आणि दादाला वर्तमानपत्रासकट आत पिटाळलं. पुढचं सगळं वहिनीनेच ठरवलं आणि निभावलं. बाइंडरचं सामान धुण्याच्या खोलीत एका बाजूला लागलं. त्याची खळ दोन दिवसांत आंबली. एवढी घाण सुटली की कोरफडीने त्याला भांड्यासकट अंगणात बसवलं, आणि तो तिथे बसून एकटाच हसत होता.

तो रोज सकाळी त्या खिडकीखाली जाऊन यायचा. पिल्लांचे डोळे उघडले, पिल्लं चालायला लागली, काळ्या शेपटीच्या पिल्लाने साबण चाटला आणि दिवसभर फेस काढत हिंडलं, सगळं मान वर करून सांगायचा. आत्या ऐकायची. कधी कधी हसायची. तिच्या चेहऱ्यावर हसण्याची रेघ उमटायची नाही. परत येताना तो गप्प असायचा, आणि कोरफड त्याला त्या वेळी काही विचारायची नाही.

हिवाळा सरत आला होता. सुटीच्या दिवशी सकाळी तो अंगणात उलट्या बादलीवर उन्हात बसला होता आणि ती मागे उभी राहून त्याच्या डोक्याला नवीन केलेलं तेल चोळत होती. तेल कसं झालंय ते त्याच्याच डोक्यावर बघायचं, हा आता घरचा नियम झाला होता. कानामागचे केस बाजूला करताना तिची बोटं थांबली.

त्यालाही ते कळलं. त्याचे खांदे आखडले. "काय झालं?"

तिने तेलाची वाटी खाली ठेवली.

"सांग ना... काय आहे?"

"पांढरा केस."

भिंतीपलीकडे वहिनी कुणाशी तरी मोठमोठ्याने बोलत होती. मग त्याने हात मागे नेऊन चाचपला आणि त्याला न शोभणाऱ्या हलक्या आवाजात विचारलं, "एकच?"

"एकच."

"काढून टाक."

"हात लावून तर बघ," कोरफड म्हणाली. "इतक्या वर्षांत तुझ्या अंगावर उगवलेली ही पहिली नवी गोष्ट आहे. आणि ती माझ्या अंगणात उगवलीय. ती माझी आहे."

तिने वाकून त्या केसावर ओठ टेकले. तेलाचा वास येत होता, उन्हाचा येत होता, आणि त्याच्या घामाचा. त्याने तिचे दोन्ही हात, तेलकटच, ओढून स्वतःच्या गळ्याभोवती घेतले. वहिनी वाळत घालायचे कपडे घेऊन दारात आली, दोघांना तसं बघितलं आणि आल्या पावली आत गेली.